सोळा माणसं, सात केबिनी

क्रूझच्या दरपत्रकात माणसं जोडीने मोजलेली असतात. दर माणशी छापलेला असतो खरा, पण तो लागू होतो केबिनीत दोघं असतील तेव्हा. तिसरा आणि चौथा माणूस त्याच केबिनीत झोपला तर त्याला पुष्कळ कमी पैसे पडतात. एकटाच असेल तर त्याला बहुतेक वेळा दोघांचं भाडं भरावं लागतं. बंदराचे कर आणि सेवाशुल्क मात्र डोक्यागणिक. हा सगळा हिशोब नवरा, बायको आणि फार तर दोन मुलं अशा घरासाठी बेतलेला आहे. तसं घर माझ्याकडे आलं की तासाभरात बुकिंग होऊन जातं. पण आजी-आजोबा, दोन मुलगे, मुलगी-जावई, आत्या, मामा-मामी असा गोतावळा निघाला की दरपत्रक बाजूला ठेवावं लागतं. आधी ते घर रात्री कसं झोपतं हे समजून घ्यावं लागतं.

माझं ऑफिस हैदराबादच्या विद्यानगर रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला नल्लाकुंटा, थोडं पुढे काचीगुडा. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि औरंगाबादला विद्यापीठ झालं ते 1958 साली. त्याआधी नांदेड-परभणीकडच्या मुलाला पदवी घ्यायची तर उस्मानियाचीच वाट धरावी लागे. त्यातले कितीतरी जण इथेच नोकरीला लागले, इथेच त्यांनी घरं बांधली. सुट्टी लागली की ही मंडळी काचीगुड्याहून मनमाडकडच्या गाडीत बसत. माझा धंदा सुरू झाला तो याच गाड्यांची रिझर्वेशनं आणि शिर्डी-पंढरपूरच्या बसगाड्या यांवर. पुढे त्यांची मुलं पुण्याला गेली, नातवंडं अमेरिकेत जन्मली आणि सगळ्यांनी एकत्र भेटायचं कुठे, हा प्रश्न माझ्या टेबलावर यायला लागला.

क्रूझ हे त्याचं एक उत्तर झालं. आधी सिंगापूरहून सुटणारी जहाजं होती. सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज मुंबईहून निघायला लागलं. 2022 मध्ये तेच जहाज विशाखापट्टणमला आलं, तेव्हा ज्यांनी कधी चौकशीही केली नव्हती अशी घरं विचारायला आली. तेलंगणाला समुद्र नाही. आमच्या सवयीचा समुद्र म्हणजे गोदावरी एक्सप्रेसने रात्रभर जाऊन लागणारं विशाखापट्टणम. तेलुगू घरांत षष्टिपूर्तीला सगळे जमतात, मराठी घरांत सहस्रचंद्रदर्शनाला. सामान एकदा ठेवलं की पुन्हा बांधायचं नाही, रोज नवं हॉटेल नाही, म्हाताऱ्या माणसाला दमवणारा बसप्रवास नाही, ही क्रूझची बाजू या घरांना चटकन पटते. जेवायला आणि गप्पांना सगळे एकत्र, आणि ज्याला पाठ टेकायची त्याची खोली चार पावलांवर.

असंच एक घर गुढीपाडवा झाल्यावर माझ्याकडे आलं. आजोबा निवृत्त सरकारी अधिकारी, मूळचे परभणीकडचे, विद्यानगरात घर. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन. थोरला मुलगा, त्याची बायको, वीस वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी, हे चौघे इथेच. मुलगी आणि जावई पुण्याचे, त्यांना बारा वर्षांचा मुलगा. धाकटा न्यू जर्सीत, त्याच्याकडे सात आणि चार वर्षांचे दोघे मुलगे. आजोबांची धाकटी बहीण परभणीची, म्हणजे घरातल्यांची आत्या. आणि आजींचे भाऊ-भावजय अलिबागचे. एकूण सोळा. अमेरिकेतल्या पोरांची सुट्टी डिसेंबरअखेर, म्हणून तेव्हाची सिंगापूरहून निघणारी, पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूरला येणारी सफर ठरली.

“चौघा-चौघांच्या चार खोल्या करून टाका ताई,” थोरला म्हणाला. “सोळा भागिले चार. तिसऱ्या-चौथ्याला स्वस्त पडतं ना?”

हिशोबाने बरोबर होतं. चार केबिनींत सोळा माणसं बसवली असती तर सात केबिनींपेक्षा बरेच पैसे वाचले असते. मी त्यांच्यापुढे जहाजाचा नकाशा पसरला आणि पेन्सिलीने एका केबिनीवर खूण केली. साधी केबिन साधारण दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते. मधोमध दोन पलंग, जोडले तर डबल, सोडवले तर दोन सुटे. भिंतीकडे सोफा, रात्री त्याचाच पलंग होतो. चौथ्यासाठी छतातून किंवा भिंतीतून खाली ओढायचा बर्थ आणि त्याला टेकवायची शिडी. रात्री सोफा उघडला, शिडी लागली की दाराकडे जायला माणसाला अंग चोरावं लागतं. चौघांच्या सुटकेसी पलंगाखाली सरकवायच्या. न्हाणीघर एक, त्यात शॉवरच्या पडद्याआड एका माणसापुरती जागा, आणि आत जाताना बहुतेक ठिकाणी उंबऱ्यासारखी पायरी. आईवडील आणि दोन लहान मुलं तिथे मजेत राहतात. पण आत्या, मामी, पंधरा-वीस वर्षांची मुलं यांना तिथे चौघा-चौघांनी कोंबलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरापुढे रांग लागते आणि तिसऱ्या दिवशी माणसं एकमेकांशी तोडून बोलायला लागतात. वाचलेल्या पैशांत ते भरून येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून अशा घराकडून मी आधी पासपोर्ट घेत नाही, रात्रीची माहिती घेते. रात्री कोण कितीदा उठतं? घोरतं कोण? पहाटे कोण उठतं, आणि उठल्यावर दिवा लावतं का? कोणाला एसी सोसत नाही? कोणतं मूल आईशिवाय झोपत नाही आणि कोणतं आजीशिवाय? बंद खोलीत जीव घाबरतो असं कोणी आहे का? बिनखिडकीची आतली केबिन सगळ्यांत स्वस्त असते; दिवा मालवला की तिच्यात मिट्ट अंधार, पहाट झाली की रात्र आहे तेही कळत नाही. तरण्या पोरांना ती आवडते. म्हातारा माणूस मात्र अशा अंधारात जागा झाला तर गोंधळून उठतो आणि पडतो. ही माहिती घरातले पुरुष सहसा देऊ शकत नाहीत. ती सुनांकडे असते. थोरल्या सुनेला मी मुद्दाम ऑफिसात बोलावून घेतलं. तिने पंधरा मिनिटांत जे सांगितलं ते तिच्या नवऱ्याला तीन फोनांत सांगता आलं नव्हतं. आजोबा वॉकर घेऊन चालतात, रात्री दोन-तीनदा उठतात आणि दर वेळी आजी त्यांच्याबरोबर उठतात. दिवसा आजींना झोप येत नाही. म्हणजे या सगळ्या सफरीत पूर्ण झोप न मिळणारं माणूस एकच होतं आणि त्याचं नाव कोणीच काढलं नव्हतं.

आजोबांसाठी सोयीची केबिन मागितली. अशा केबिनीचं दार रुंद असतं, न्हाणीघराला पायरी नसते, धरायला दांडे असतात. त्या थोड्याच असतात आणि ज्याला खरोखर गरज आहे त्यालाच द्यायच्या असतात; त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो. त्या सफरीला होत्या तेवढ्या गेलेल्या होत्या. मग दुसरा मार्ग काढायचा ठरला: आतून दार असलेल्या दोन जोडकेबिनी. एकीत आजी-आजोबा आणि शेजारी धाकट्याचं चौघांचं बिऱ्हाड. रात्री आजोबांना उठवायला आतल्या दारातून मुलगा येईल आणि आजी निजतील. धाकट्याने हे फोनवर ऐकलं तेव्हा काही वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “मी वर्षातून एकदा येतो. एवढं करू द्या मला.”

पण ती जोडी मिळेना. नकाशावर शेजारच्या केबिनीला चौघांची खूण होती, खोली रिकामी दिसत होती, तरी चौथं नाव टाकलं की बुकिंग अडायचं. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणं या कामातलं सर्वांत अवघड काम. माणसाला वाटतं, खोली रिकामी आहे, पलंग चार आहेत, मग नाही का म्हणता?

कारण पलंगांत नाही, जीवनरक्षक बोटींत आहे. जहाजाचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागातल्या प्रवाशांनी संकटाच्या वेळी कोणत्या मस्टर स्टेशनवर जमायचं, कोणत्या बोटीत बसायचं हे आधीच ठरलेलं असतं. बोटीची माणसं मोजलेली असतात. त्या भागातल्या पुष्कळ केबिनींत तिघं-चौघं गेले की बोटीतल्या जागा संपतात, आणि मग पुढच्या केबिनीत पलंग असूनही चौथा माणूस घेता येत नाही. टायटॅनिक 1912 मध्ये बुडालं तेव्हा त्यावर सगळ्यांना पुरतील एवढ्या बोटीच नव्हत्या. 1914 मध्ये सागरी सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला तो त्या धक्क्यातून. आज जहाजावरच्या प्रत्येक माणसासाठी बोट किंवा तराफा लागतो, शिवाय आणखी पंचवीस टक्के माणसांपुरते तराफे जास्तीचे. जानेवारी 2012 मध्ये ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ इटलीच्या किनाऱ्यापाशी आडवं झालं, त्यानंतर नियम आणखी कडक झाला: बोटीपाशी जमण्याची तालीम जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या झालीच पाहिजे.

हे मी थोरल्याला समजावत होते तेव्हा आजी शेजारी बसल्या होत्या. त्या मूळच्या रेवसकडच्या. 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवस-अलिबागकडच्या किती घरांत त्या दिवशी चूल पेटली नसेल याची कल्पना तिथल्या माणसालाच येते. आजींचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या वडिलांचे चुलतभाऊ त्या बोटीवर होते आणि लहानपणी घरात ती गोष्ट दर पावसाळ्यात निघायची. सफरीला त्या तयार झाल्या होत्या त्या केवळ आजोबांसाठी. बोटींतल्या जागांची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी मला पुन्हा सांगायला लावली. “म्हणजे बोटीत जागा नसेल तर खोली रिकामी ठेवतात? पैसे मिळत असले तरी?” मी हो म्हटलं. “मग या जहाजावर येते मी,” त्या म्हणाल्या. इतके दिवस माझ्यासाठी तो नियम म्हणजे अडलेलं बुकिंग होता. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला तो सांगताना मी दिलगिरीच्या सुरात सांगत नाही.

उपाय धाकट्याच्या सात वर्षांच्या मुलानेच काढला म्हणायचा. भारतात आला की तो आजीच्याच कुशीत झोपतो, हे थोरल्या सुनेने आधीच सांगितलेलं होतं. चारची केबिन मिळत नव्हती, पण तीन आणि तीन अशी जोडी मिळत होती. एकीत आजी, आजोबा आणि सोफ्यावर नातू. आतल्या दारापलीकडे धाकटा, त्याची बायको आणि चार वर्षांचा. एवढ्या लहान पोराला वरच्या बर्थवर झोपवायचं नसतं, त्यामुळे सोफे असलेली जोडी पाहून घेतली. केबिनी जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर, लिफ्टपासून जवळ पण लिफ्टला लागून नाहीत. मध्यावर आणि खाली हलणं कमी जाणवतं. वरच्या मजल्यांवर दृश्य चांगलं, पण पोहण्याच्या तलावाखालच्या केबिनीत पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. नकाशा वाचताना त्या केबिनीच्या वर काय आहे आणि खाली काय आहे हे पाहायची सवय लावून घ्यावी लागते.

मधेच धाकट्याला अमेरिकेत एका साइटवर त्याच सफरीचा थोडा कमी दर दिसला. त्याने तिथून स्वतःचं बुकिंग करायचं ठरवलं. मी त्याला एकच गोष्ट सांगितली: जोडकेबिनीची एक बाजू अमेरिकेतल्या ऑफिसकडे आणि दुसरी माझ्याकडे राहिली तर काही बदल करायची वेळ आल्यावर दोन्ही बाजू एकत्र हलवणं कोणाच्याच हातात राहणार नाही. त्याने विचार केला आणि बुकिंग माझ्याकडेच ठेवलं. सोबत निरोप पाठवला: सगळ्यांना बाल्कनीच्या केबिनी करा, फरक मी भरतो.

दोन दिवसांनी थोरला एकटा आला. ऑफिस बंद व्हायची वेळ होती. खुर्चीत बसून त्याने टेबलावरचं पेपरवेट दोनदा इकडचं तिकडे केलं. “ताई, त्याचं मन मोठं आहे. पण घरात असं एकाने भरायला लागलं की पुढे बाकीचे बोलायचे थांबतात. बिलं वेगळी करता येतील का? ज्याच्या त्याच्या घराची?” येतात. बुकिंग क्रमांक वेगळे ठेवायचे आणि ते एकमेकांना जोडून घ्यायचे, म्हणजे जेवणाची टेबलं एकत्र लागतात. ज्याच्या पॅनवर बिल असेल त्याच्याच नावावर टीसीएस, म्हणजे परदेशी सहलीच्या बिलाबरोबर आगाऊ घेतला जाणारा कर, जमा होतो आणि रिटर्न भरताना तो त्यालाच वळता करून घेता येतो, त्यामुळे तसंही ते सरळ पडतं. धाकट्याला मी एवढंच कळवलं की आयकराच्या दृष्टीने इथल्या घरांची बिलं वेगळी केलेली बरी. ते खरंच होतं. बाल्कनी त्याने आजी-आजोबांच्या आणि स्वतःच्या जोडीला घेतली. बाकीच्यांनी खिडकीच्या केबिनी घेतल्या आणि मुलांना आतली. भावाभावांत पैशाची बरोबरी नसते तेव्हा ती बिलाच्या कागदावर तरी राखता येते. ती राखणं मी माझ्या कामाचा भाग मानते.

आता आत्या. घरच्यांनी त्यांच्याबद्दल माझ्याकडे दोन परस्परविरुद्ध सूचना दिल्या होत्या. जावयांचं म्हणणं, मुलांच्या केबिनीत तिसरा बर्थ आहे, तिथे त्यांची सोय होईल. थोरल्याला ते आवडलं नाही. “आत्या शिक्षिका होती, मानाने राहिलेली बाई. तिला स्वतंत्र केबिन. दुप्पट भाडं पडलं तर पडू दे, मी भरेन.” दोन्ही सूचना सद्भावनेच्याच. आमच्या घरांत अशी एक आत्या, मावशी किंवा काकू असतेच. तिची सोय ‘होते’; काय हवं ते तिला कोणी विचारत नाही, कारण ती ‘काही नको’ असंच म्हणेल याची सगळ्यांना खात्री असते.

मी परभणीला फोन लावला. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलेल्या, पती जाऊन पुष्कळ वर्षं झालेल्या, आता एकट्या राहणाऱ्या बाई. स्वतंत्र केबिनीबद्दल सांगितलं. त्या आधी भाडं किती ते विचारून घेऊन मग म्हणाल्या, “बाई, मी घरी एकटीच असते की. रात्री फ्रिजचा आवाज तेवढा ऐकते. सगळे मिळून जायलेत, तर तिथंबी मी एकटीच झोपू का? कुणाच्या तरी श्वासाचा आवाज असू द्या.” मग लगेच, “पण पोरांच्या खोलीत शिडीवर नको हं. आणि मी साडेचारला उठते, जपाला बसते. माझ्यापायी कुणाची झोप मोडायला नको.”

मग सोबतीला सुचली थोरल्याची सोळा वर्षांची मुलगी. तिला मी तिच्या आईसमोर विचारलं नाही, वेगळं विचारलं, कारण आईसमोर ती हो म्हणणारच होती. तिने प्रश्न विचारले: आत्याआजी किती वाजता दिवा मालवते, तिला मोबाइल चालतो का, खिडकीकडचा पलंग कोणाचा? हे प्रश्न मी जसेच्या तसे परभणीला पोचवले. उत्तरं आली: दिवा दहाला, मोबाइल चालेल पण आवाज नको, खिडकी पोरीची. दोघींच्या पलंगापाशी आपापला छोटा दिवा असतो, त्यामुळे पहाटेच्या जपाचा प्रश्न सुटला. पलंग सुटे करून घेण्याची सूचना बुकिंगवर टाकली. दोघीही पूर्ण भाड्याच्या, कोणी तिसरी-चौथी नाही, कोणाचे दुप्पट पैसे नाहीत.

मुलांची केबिन सोपी होती, पण तिथेही वयाची अट पाहावी लागते. प्रत्येक केबिनीत ठरलेल्या वयाचा एक तरी सज्ञान माणूस लागतो. काही कंपन्यांच्या काही मार्गांवर ते वय एकवीस असतं, काही ठिकाणी अठरा. या सफरीला अठरा चालत होतं म्हणून वीस वर्षांचा दादा आणि बारा वर्षांचा पुण्याचा भाऊ एकत्र राहू शकले. एकवीसची अट असती तर सगळी मांडणी पुन्हा करावी लागली असती. मामा-मामींना मध्यावरचीच केबिन, कारण मामींना बसही लागते, मग बोट लागणारच. जावयांना लिफ्टपासून दूरची. सगळ्या केबिनी शक्यतो एकाच बाजूला आणि जवळजवळ घेतल्या. जवळच्या केबिनींचं मस्टर स्टेशन बहुधा एकच येतं, आणि भोंगा वाजला तर आजी कोणाला शोधत फिरणार हे मला माहीत होतं.

अशा रीतीने सोळा माणसांच्या सात केबिनी झाल्या. यात एक मोह होता. कित्येक कंपन्या आठ केबिनींपासून पुढे ग्रुप धरतात. ग्रुप झाला की दरात सवलत, कधी जहाजावर खर्चायला रक्कम, कधी एका माणसाचं भाडं माफ, आणि आमच्यासारख्यांना कमिशनही बरं. सात वर्षांच्या नातवाला आजीकडून उचलून धाकट्याचं बिऱ्हाड दोन केबिनींत केलं असतं तर आकडा आठवर गेला असता. मी दोन्ही हिशोब लिहून घरच्यांपुढे ठेवले. ग्रुपचा फायदा आणि आठव्या केबिनीचं भाडं यांत फरक फार नव्हता. पण आठवी केबिन म्हणजे कोणीतरी नको असताना वेगळं झोपणार. आजोबा त्या बैठकीत पहिल्यांदा बोलले: “सातच राहू द्या.”

बाकीचं काम नेहमीचं. सिंगापूरहून निघून परत तिथेच उतरायचं म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांना सिंगापूरचा एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा. मलेशियाला 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण आगमनाचा ऑनलाइन फॉर्म भरावाच लागतो. आत्यांच्या पासपोर्टवरचं नाव आणि बँकेतलं नाव यांत फरक होता, तिकिटावर पासपोर्टचंच नाव घातलं. सोळा जणांचं एक टेबल होत नाही, म्हणून आठ-आठांची दोन शेजारी, संध्याकाळच्या लवकरच्या पाळीला. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसले. पुण्याच्या मुलीची इच्छा होती, आजोबांना जहाजावर एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं. जहाजावर प्रवाशाला ज्योत लावता येत नाही. मेणबत्ती नाही, उदबत्तीही नाही. सामानात सापडली तर काढून घेतात. आग ही जहाजावरची सर्वांत मोठी भीती. बॅटरीचे दिवे न्या असं कोणी सुचवलं, ते आजींना रुचलं नाही. शेवटी निघण्याच्या आदल्या दिवशी विद्यानगरच्या घरी होम आणि औक्षण झालं. मलाही बोलावलं होतं. अंगणात तांदळाच्या राशीवर तुपाचे दिवे, आणि न्यू जर्सीचा धाकटा नातू प्रत्येक दिवा मोजतोय. त्याचा आकडा तिसाच्या पुढे गेला की इंग्रजीत जायचा आणि आत्या त्याला पुन्हा मराठीत आणायच्या.

सफर पार पडली. परतल्यावर थोरली सून राहिलेले कागद द्यायला आली. मामींना पहिली रात्र त्रास झाला, मग नाही. आतलं दार पहिल्या दिवशी कुलूपबंदच होतं. केबिनीच्या कर्मचाऱ्याला सांगितल्यावर त्याने किल्लीने उघडलं. ते मी आता निघणाऱ्या प्रत्येक घराला लिहून देते: चढल्याबरोबर पहिलं काम ते. आजोबांना रात्री धाकट्याने उठवलं, आजी दोन रात्री सलग निजल्या, तिसऱ्या रात्री सवयीने जाग्या झाल्या. आत्या आणि नात यांच्यात दहाचा दिवा साडेअकरापर्यंत गेला होता म्हणे, आणि उशीर पोरीने नाही, आत्यांनी केला.

मग तिने खुर्ची थोडी पुढे ओढली. “ताई, पुढच्या वर्षी आम्ही मुंबईहून जाणारी करायची म्हणतोय. लक्षद्वीपची. पण या वेळी मांडणी वेगळी. मी, माझी जाऊ आणि आमच्या वन्सं अशा तिघी एका केबिनीत. जेवणाच्या टेबलावर मुलांचं पाहता पाहता आमचं बोलणंच झालं नाही. रात्री गप्पा मारायच्या आहेत.”

“आणि हे तिघं?”

“त्यांची दुसरी केबिन. सोफ्यावर कोण झोपायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.”

मी कागद ओढून हिशोब मांडला. तीन जोडप्यांच्या तीन केबिनींऐवजी तिघा-तिघांच्या दोन, तिसऱ्याचं भाडं कमी, एक केबिन वाचते. धाकट्याची मुलं आजीच्या केबिनीत, जोडकेबिनीचं दार पुन्हा लागेल, पण पलीकडे या वेळी तीन भावोजी-मेव्हणे असतील आणि आजोबांना उठवायची पाळी ते आळीपाळीने घेतील. तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी अजून कोणाला बोलू नका, नवऱ्याला मी सांगते, असं बजावलं. तिघींच्या पासपोर्टच्या प्रती मात्र त्याच दिवशी फाइलला लावून घ्यायला सांगितल्या.